काउंटीच्या तुरुंगावर देखरेख नेमकी कोणाची? (सांता क्लारा, कॅलिफोर्निया)

वैजयंती_मिलपिटस

सर्वांना नमस्कार.

मी गेली अकरा वर्षे मिलपिटसला राहते आणि कामावर जाता-येता रोज एबल स्ट्रीटवरच्या एल्मवुड तुरुंगाच्या कुंपणाशेजारून जाते. इतक्या वर्षांत त्या कुंपणाआड काय चालते याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मागच्या महिन्यात भर पावसात एक वयस्कर बाई बसथांब्यापासून फाटकाकडे चालत निघालेल्या दिसल्या, म्हणून मी त्यांना गाडीत घेतले. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेले कागद होते. त्यांचा मुलगा पाच महिन्यांपासून आत होता, खटला अजून उभा राहिलेला नव्हता आणि जामिनाची रक्कम त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. उतरताना त्यांनी मला विचारले, "आत या मुलांना कसे वागवतात ते बघणारे वर कोणी असते का?" मला उत्तर देता आले नाही आणि तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात तुरुंग राज्याच्या गृह खात्याखाली येतात, त्यांचे मुख्यालय पुण्यात आहे आणि जिल्हा न्यायाधीश व जिल्हाधिकारी अभ्यागत म्हणून पाहणीला जातात. जिल्हा परिषदेचा त्याच्याशी काही संबंध नसतो, एवढे मला ठाऊक आहे. इथे मात्र तुरुंग काउंटीचा (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा), तो चालवणारा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, लोकांनी निवडून दिलेला आणि पैसे मंजूर करणारे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे काउंटीचे कारभारी मंडळ, तेही लोकांनीच निवडून दिलेले. मग वरचढ कोण? बोर्डाने एखादी गोष्ट करायला सांगितली तर ती शेरीफला करावीच लागते का? आणि ग्रीन कार्डवर राहणाऱ्या, मतदानाचा हक्क नसलेल्या माझ्यासारख्या व्यक्तीला यात काही करता येते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अभय_सनीवेल

वैजयंतीताई, आपला प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर सरळ नाही. थोडक्यात सांगायचे तर तिजोरीची किल्ली बोर्डाकडे असते आणि कोठडीची शेरीफकडे, आणि या दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या हाताखाली नाही.

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार सर्वच्या सर्व ५८ काउंट्यांमध्ये शेरीफ हे निवडणुकीने भरायचे पद आहे. काउंटीच्या अधिकाऱ्यांच्या कामकाजावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी कायद्याने बोर्डावर टाकलेली आहे खरी, पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की शेरीफच्या तपासकामात बोर्डाने अडथळा आणता कामा नये. 'देखरेख' कुठे संपते आणि 'अडथळा' कुठे सुरू होतो, यावरून गेली कित्येक वर्षे दोन्हीकडचे वकील भांडत आले आहेत. बोर्ड अंदाजपत्रक ठरवते, इमारत बांधते आणि नुकसानभरपाईचे दावे मिटवते. परंतु रात्रपाळीला कोणत्या बराकीत कोणता डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा कर्मचारी) उभा राहील, कोणावर खातेनिहाय चौकशी होईल आणि कोणाला निलंबित करायचे, हे शेरीफच ठरवतो.

आपल्या सांता क्लारात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या मतदारांनी तुरुंग शेरीफकडून काढून बोर्डाच्या हाताखालच्या स्वतंत्र खात्याकडे दिला होता. पुढे २०१० च्या सुमारास काटकसरीच्या काळात तो पुन्हा शेरीफकडे गेला. त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये सॅन होजेच्या मुख्य तुरुंगात ३१ वर्षांच्या एका मनोरुग्ण कैद्याचा मारहाणीने मृत्यू झाला. किरकोळ गुन्ह्यात आत आलेला हा माणूस मनोरुग्णालयात खाट रिकामी होण्याची वाट पाहत तुरुंगात पडून होता. तीन रक्षकांना २०१७ मध्ये ज्युरीने खुनाबद्दल दोषी ठरवले. मधल्या काळात खुनाच्या कायद्यात बदल झाल्यामुळे अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल रद्द केला, हेही नोंदवले पाहिजे. कुटुंबाला काउंटीने ३६ लाख डॉलर दिले, म्हणजे ते तुमच्या-आमच्या करातून गेले.

त्या मृत्यूनंतर बोर्डाने निवृत्त न्यायाधीश लाडोरिस कॉर्डेल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने २०१६ मध्ये शंभराहून अधिक शिफारशी केल्या, त्यांत तुरुंगाचा कारभार शेरीफकडून काढून घ्यावा अशीही एक होती. ती अमलात आली नाही. मात्र बोर्डाने पुढे एक स्वतंत्र देखरेख कार्यालय सुरू केले आणि बाहेरचे तज्ज्ञ निरीक्षक नेमले. हे निरीक्षक अहवाल लिहितात आणि तो बोर्डापुढे जाहीरपणे मांडला जातो.

तरीही खरी मेख कागदपत्रांत आहे. २०१८ मध्ये दुसरा एक मनोरुग्ण कैदी एल्मवुडहून मुख्य तुरुंगाकडे नेला जात असताना व्हॅनमध्ये डोके आपटून घेऊन कायमचा जायबंदी झाला. त्याला वेळेवर मदत मिळाली नाही असा आरोप होता आणि काउंटीने एक कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. एवढे होऊनही काय घडले याची पूर्ण हकीकत बोर्डालाच मिळेना. ऑगस्ट २०२१ मध्ये बोर्डाने तत्कालीन शेरीफ लॉरी स्मिथ यांच्यावर एकमताने अविश्वास व्यक्त केला, परंतु त्या ठरावाने त्यांचे पद जात नव्हते आणि त्या आणखी चौदा महिने खुर्चीवर राहिल्या. शेवटी सिव्हिल ग्रँड ज्युरीने (काउंटीचा कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) डिसेंबर २०२१ मध्ये दोषारोप ठेवले. त्यांत या जायबंदी कैद्याच्या प्रकरणी काउंटीच्या देखरेख निरीक्षकाला सहकार्य न केल्याचाही मुद्दा होता, जरी बहुतेक आरोप शस्त्रपरवान्यांच्या पक्षपाती वाटपाचे होते. त्यांनी ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस राजीनामा दिला आणि काही दिवसांतच त्या परवान्यांच्या प्रकरणात ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. तुरुंगातल्या दोन मोठ्या प्रकरणांनंतरही खुर्ची हलली ती परवान्यांच्या निमित्ताने, हे मला आजही अस्वस्थ करते.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. आपल्या काउंटीत कैद्यांची वैद्यकीय सेवा शेरीफकडे नसून काउंटीच्या आरोग्य यंत्रणेकडे आहे, त्यामुळे औषधोपचाराबद्दलचा जाब थेट बोर्डालाच विचारता येतो. दुसरे म्हणजे २०१६ पासून इथे मृत्यूचे कारण ठरवणारे कार्यालय शेरीफपासून वेगळे केलेले आहे. राज्यातल्या ५८ पैकी ४८ काउंट्यांमध्ये शेरीफ हाच कॉरोनरही असतो. म्हणजे ज्याच्या ताब्यात माणूस दगावला, त्याच्याच खात्याने मृत्यूचे कारण लिहायचे. सांता क्लाराने निदान एवढी गाठ तरी सोडवली आहे.

माधव_जोशीबुवा

अभयरावांनी सिव्हिल ग्रँड ज्युरीचा उल्लेख केला म्हणून माझा अनुभव लिहितो. निवृत्तीनंतर मी एक वर्ष तिचा सदस्य होतो. काउंटीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आम्ही घेतलेली गोपनीयतेची शपथ मुदत संपल्यावरही सुटत नाही. अहवालात छापून आले तेवढेच सांगतो.

बहुतेक काउंट्यांमध्ये ही ज्युरी १९ नागरिकांची असते, जुलै ते जून असे एक वर्ष काम करते आणि काउंटीतल्या तुरुंगांची स्थिती व व्यवस्थापन तपासणे हे तिचे कायद्याने ठरवून दिलेले कर्तव्य आहे. म्हणजे दरवर्षी कोणी ना कोणी सामान्य माणूस त्या फाटकाच्या आत जातोच. वैजयंतीताई, त्या बाईंना आपण एवढे तरी नक्की सांगू शकाल.

आम्ही गेलो तेव्हा आमची भेट आधी ठरलेली होती. फरशी ओली होती, फिनेलचा वास येत होता आणि आम्हाला दाखवायच्या कोठड्या रिकाम्या ठेवल्या होत्या. आमच्यातले एक गृहस्थ आयुष्यभर प्लंबिंगचे काम केलेले. बाकीचे आम्ही कॅप्टनचे बोलणे ऐकत होतो, तेवढ्यात त्यांनी पुढे होऊन भिंतीतल्या नळाचे बटण दाबले. पाणी आले नाही. शेजारच्या कोठडीत दाबले, तिथेही नाही. मग त्यांनी ज्या कोठड्यांत माणसे होती तिकडे जायचा आग्रह धरला आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून गेलो.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. राज्याच्या किमान मानकांनुसार तासातून निदान एकदा रक्षकाने प्रत्येक कैद्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचे असते. आम्ही तीन आठवड्यांच्या नोंदी मागवल्या. एक वाजता, दोन वाजता, तीन वाजता, अशी प्रत्येक नोंद बरोबर तासाच्या ठोक्याला, एकाच शाईत आणि एकाच हाताची. प्रत्यक्ष फिरणाऱ्या माणसाच्या वेळा कधीच इतक्या चोख येत नाहीत. त्याला कोणी तरी वाटेत हाक मारते, कुठे तरी दार अडते, एखादी नोंद दोन वाजून सात मिनिटांची होते. आम्ही कॅमेऱ्यातले चित्रण मागितले, नोंदींशी ताडून पाहिले आणि जो फरक आढळला तो अहवालात लिहिला. शेरीफला ६० दिवसांत आणि बोर्डाला ९० दिवसांत प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावे लागते. उत्तर आले, त्यात काही शिफारशी मान्य होत्या, काहींवर 'पुढील अभ्यास आवश्यक' असा शेरा होता. तोवर आमचे वर्ष संपले होते आणि नवे १९ जण पहिल्यापासून शिकत होते. या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा कच्चा दुवा माझ्या मते हाच आहे.

श्रीरंग_फ्रेमाँट

सर्वांचे लिखाण आदराने वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी काही वर्षे शेजाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींवरून बनवले आहे, कारण माझ्या शेजारचे दोन तरुण वेगवेगळ्या काउंट्यांत तुरुंगात डेप्युटी म्हणून काम करतात.

देखरेख करणारे कमी आहेत असे मला वाटत नाही. राज्याचे सुधारगृह मंडळ दर दोन वर्षांनी पाहणी करते, अग्निशमन आणि आरोग्य खात्याची माणसे येतात, ग्रँड ज्युरी येते, न्यायालयांचे निरीक्षक येतात, ॲटर्नी जनरलकडे प्रत्येक कोठडीमृत्यूची माहिती दहा दिवसांत पाठवावी लागते. त्यावर आणखी एक नागरिक समिती आणि आणखी एक महानिरीक्षक (शेरीफच्या खात्यावर बाहेरून नजर ठेवणारा अधिकारी) नेमल्याने कैद्याचे काय भले होणार? २०११ च्या फेररचनेनंतर, जे पूर्वी राज्याच्या तुरुंगात गेले असते असे अनेक शिक्षा झालेले लोक काउंटीच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे राहू लागले, पण त्या इमारती थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या. मनोरुग्णांना ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून तेही तिथेच. माझ्या शेजाऱ्याला आठवड्यात दोनदा सक्तीची जादा पाळी करावी लागते; सोळा तासांनंतर घरी आलेल्या त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. बोर्डाने पदे भरायला आणि मनोरुग्णालये उभारायला पैसे द्यावेत. शेरीफला लोकांनी निवडले आहे, तो नको असेल तर लोक त्याला पाडतील. पाच सुपरवायझरांनी त्यांच्या राजकारणासाठी त्याच्या डोक्यावर बसणे मला पटत नाही.

नलिनी_पॅसाडेना

श्रीरंगजी, जादा पाळ्यांबद्दल आणि मनोरुग्णांबद्दल आपण जे लिहिले ते अगदी खरे आहे. परंतु 'लोक पाडतील' यावर विसंबून राहता येत नाही, हे आम्ही लॉस एंजेलिसमध्ये फार मोठी किंमत देऊन शिकलो.

आमचे शेरीफ ली बाका १९९८ पासून चार वेळा निवडून आले. त्याच काळात १९६३ साली उघडलेल्या मेन्स सेंट्रल जेलमध्ये कैद्यांना बेदम मारहाण होत होती आणि मतपेटीत त्याचा मागमूसही दिसत नव्हता. तो दिसणार तरी कसा? आत असलेल्यांपैकी बहुसंख्य कच्चे कैदी, त्यांची कुटुंबे गरीब, आणि बाकीच्या मतदारांना त्या भिंतीआडचे काही कळायला मार्ग नाही. २०११ मध्ये एफबीआयचा एक खबऱ्या कैदी आत मोबाइलसह सापडला, तेव्हा शेरीफच्या माणसांनी त्याचे नाव बदलून, जागा बदलून त्याला केंद्रीय तपासयंत्रणेपासूनच लपवून ठेवले. त्याच वर्षी आमच्या बोर्डाने तुरुंगातील हिंसाचारावर नागरिकांचा आयोग नेमला. आयोगाने २०१२ मध्ये ६३ शिफारशी केल्या आणि त्यांतूनच महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. बाका २०१४ मध्ये पायउतार झाले, २०१७ मध्ये तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. हे प्रकरण तडीस नेले ते केंद्रीय तपासयंत्रणेने, मतदारांनी नव्हे.

दुसरा धडा अधिकारांचा. २०१६ मध्ये नऊ सदस्यांचा नागरिक आयोग स्थापन झाला, पण कागद मागवण्याची सक्ती त्याला करता येत नव्हती. मार्च २०२० मध्ये मतदारांनी सबपीनाचा, म्हणजे साक्षीला आणि कागदपत्रे हजर करायला भाग पाडण्याचा अधिकार त्याला मोठ्या बहुमताने दिला. त्याच वर्षी तुरुंगांतल्या कोविडच्या परिस्थितीबद्दल सांगायला आयोगाने तेव्हाचे शेरीफ आलेक्स व्हिलानुएव्हा यांना सबपीना बजावली, तर त्यांनी हजर राहायला नकार दिला आणि वाद न्यायालयात गेला. नंतर राज्याच्याही कायद्याने सर्व काउंट्यांना असा आयोग किंवा महानिरीक्षक नेमून त्याला सबपीनाचा अधिकार देण्याची मुभा दिली, जी १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. ती मुभा आहे, सक्ती नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

निवडणुकीच्या भरवशाबद्दल आणखी एक. शेरीफांची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी घेण्याचा कायदा झाल्यामुळे २०२२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत सहा वर्षांची, थेट २०२८ पर्यंत झाली आहे. आत मार खाणाऱ्याला सहा वर्षे थांबा असे आपण कसे सांगणार? म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या मतदारांनी गंभीर कारणासाठी पाचपैकी चार सुपरवायझरांच्या मताने शेरीफला काढण्याची तरतूद मंजूर केली. तुमच्या शेजारच्या सॅन मटेओ काउंटीने मार्च २०२५ मध्ये तशीच तरतूद केली आणि त्याच वर्षी ती वापरलीही, अर्थात तिथली कारणे तुरुंगाबद्दलची नव्हती.

अभय_सनीवेल

नलिनीताईंच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. समितीला अधिकार दिले की काम झाले असेही नाही. सॅन डिएगोत १९९० पासून नागरिकांचे आढावा मंडळ आहे. राज्याच्या लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवून दिले की २००६ ते २०२० या काळात तिथल्या तुरुंगांत १८५ माणसे मेली आणि त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश मृत्यूंची त्या मंडळाने चौकशीच केली नव्हती. श्रीरंगजींनी राज्याच्या ज्या सुधारगृह मंडळाचा उल्लेख केला, त्याला त्रुटी दाखवता येतात, पण त्या दूर करायला भाग पाडता येत नाही. कोठडीमृत्यूंच्या आढाव्यासाठी त्या मंडळात जुलै २०२४ पासून स्वतंत्र संचालकाचे पद आले आहे, ही एक चांगली सुधारणा.

परिचारिका_सुषमा

मी काही वर्षे एका काउंटीच्या तुरुंगात रात्रपाळीची परिचारिका होते. नाव देत नाही. समित्यांबद्दल मला फारसे कळत नाही, पण आत काय पाहावे ते मी सांगू शकते.

कैद्याला बरे वाटत नसले की तो एक चिठ्ठी भरतो. ती चिठ्ठी पेटीत पडली त्या तारखेपासून परिचारिकेने त्याला प्रत्यक्ष पाहिले त्या तारखेपर्यंत किती दिवस गेले, हा एकच आकडा मागा. माझ्याकडे एकदा एकाच माणसाच्या चार चिठ्ठ्या एकत्र आल्या. पहिलीवर 'दात दुखतो' असे लिहिले होते, तिसरीवर 'तोंड उघडत नाही', आणि चौथीवर फक्त कोठडीचा क्रमांक होता. त्याला त्या रात्री रुग्णालयात हलवले आणि तो वाचला. चिठ्ठ्यांवर पोचल्याची तारीख टाकण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्या कुठे आणि किती दिवस पडून होत्या ते शेवटपर्यंत कळले नाही. श्रीरंगदादा, दोष त्या पाळीच्या डेप्युटीचाही नव्हता, ऐंशी माणसांवर तो एकटा होता. पण बाहेरून कोणी तरी त्या तारखा दर महिन्याला मागत असते, तर तारखा टाकल्या गेल्या असत्या.

वैजयंती_मिलपिटस

सर्वांचे मनापासून आभार. सुषमाताई, आपली चौथी चिठ्ठी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

आता नेमके विचारते. बोर्डाच्या सभेत मला बोलता येईल का आणि हा चिठ्ठीच्या तारखांचा आकडा मला स्वतःला मागता येईल का?

माधव_जोशीबुवा

दोन्ही करता येईल. खुल्या सभांच्या कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि सभेत बोलू इच्छिणाऱ्याला नागरिकत्वच काय, नावही विचारून अडवता येत नाही. वेळ मात्र एक-दोन मिनिटांचाच मिळतो, म्हणून प्रश्न एकच ठेवा. ग्रँड ज्युरीवर बसायला नागरिकत्व लागते, पण तिच्याकडे तक्रार कोणालाही करता येते. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखालीही कोणीही माहिती मागू शकतो आणि माहिती देणार की नाही ते काउंटीला साधारण दहा दिवसांत कळवावे लागते. कोठडीतल्या मृत्यूंची प्राथमिक माहिती तर २०२३ पासून संकेतस्थळावर दहा दिवसांत टाकणे बंधनकारक आहे.

अर्जात कैद्यांची नावे मागू नका, वैद्यकीय गोपनीयतेच्या कारणाने तो लगेच फेटाळला जाईल. फक्त 'चिठ्ठी मिळाल्यापासून तपासणीपर्यंतचे दिवस, महिन्यानुसार, गेल्या एका वर्षासाठी' एवढेच लिहा. अशी नोंदच ठेवली जात नाही असे उत्तर आले, तर ते लेखी उत्तर घेऊन सभेला जा.

श्रीरंग_फ्रेमाँट

वैजयंतीताई, अर्जाचा मसुदा इथे टाकावा, मीही वाचतो. त्यात प्रत्येक पाळीत किती डेप्युटी हजर होते आणि त्यांपैकी किती जण सक्तीच्या जादा पाळीवर होते, हाही आकडा त्याच महिन्यांसाठी मागा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर आपल्या दोघांच्या म्हणण्यातले कोणते कुठवर खरे आहे ते दिसेल.

वैजयंती_मिलपिटस

जरूर मागते. मसुदा रविवारपर्यंत टाकते. त्या बाईंचा फोन नंबर मी घेतला नव्हता, पण भेटीच्या दिवशी त्या त्याच बसने येतात असे म्हणाल्या होत्या. शनिवारी सकाळी थांब्यावर जाऊन पाहीन.